सुनेच्या हातची कळशी

१

आमच्या घरात एक नियम होता. रोज सकाळी कळशीभर पाणी संडासाच्या फ्लशच्या टाकीत ओतायचं, ते घरच्या सुनेनंच ओतायचं, आणि काहून असं कधी विचारायचं नाही.

लहानपणी मी विचारलं होतं. उत्तर म्हणून आईनं पाठीत धपाटा घातला. घरात सून आली की आधी सासू ओतायची ती कळशी सुनेच्या हातात जाते, एवढंच मला कळलं. दादाचं लग्न होईपर्यंत आई ओतायची. नंतर वहिनी ओतायला लागली.

केनवडचं आमचं घर काही जुनंपानं नाही. स्लॅबचं आहे, टाइल्स आहेत, पोपटी रंग आहे. आबांचे, म्हणजे माझ्या आजोबांचे गुडघे गेले तेव्हा स्वयंपाकघराच्या मागच्या संडासात कमोड बसवला आणि त्याच्यावर पांढरी टाकी. भिंतीतून त्या टाकीला जोडलेला लोखंडी पाइप मात्र कमोडच्या कितीतरी आधीचा आहे. आई सांगते, पूर्वी त्या पाइपाखाली दगडी कुंडी होती आणि तीही रोज भरावी लागायची.

बी.एस्सी. करायला मी वाशीमच्या होस्टेलवर राहिले, तिथं पहिल्यांदा फ्लशचं बटण दाबलं. धाडकन पाणी आलं आणि मी दचकून मागे सरकले. मैत्रिणी हसल्या. त्या रात्री माझ्या लक्षात आलं की आमच्याकडे ते बटण मी कधीच कुणाला दाबताना पाहिलं नव्हतं. आम्ही सगळे बादली आणि मग्गा वापरतो. टाकी भरतो, पण वापरत नाही.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ती रिकामी असते.

"गळते," असं घरी म्हणायचे. पाइपाच्या सांध्यातून ठिबकायचं खरं, पण फरशीवर ओलं व्हायचं ते तळहाताएवढं. बाकीची कळशी कुठं जायची?

२

परीक्षा संपवून मे महिन्यात मी घरी आले तेव्हा वहिनीला सातवा महिना लागला होता. वहिनी मंगरूळपीरची. हसरी, बडबडी, आणि सदा पाण्याची बाटली हातात. तिचे ओठ बारा महिने फुटलेले असतात. शुगर तपासून झाली, काही निघालं नाही. दादा तिला उंटीण म्हणतो.

"उंटिणीले एकदा पेली की आठ दिवस लागत नाई," ती म्हणायची. "मी तं उंटिणीहूनही गेली."

रिसोडच्या डॉक्टरीणबाईंकडे तिला मीच घेऊन गेले. सोनोग्राफी झाली. बाईंनी पडद्याकडे पाहिलं, वहिनीच्या बाटलीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय. खूप पाणी प्या."

"अजून?" वहिनी म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

वजन उचलायचं नाही, ओल्या फरशीवर जायचं नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू. पाणी वाढलं नाही तर बाळाला लवकर काढावं लागेल, आणि सातव्या महिन्याच्या बाळाचं काही सांगता येत नाही. बाई शांतपणे बोलत होत्या. वहिनीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की तिच्या बांगडीचा वळ उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर ती कळशी कमरेवर घेऊन संडासाच्या ओल्या फरशीवर उभी होती.

३

"आजपासून वहिनी कळशी उचलणार नाही," मी आईला म्हणाले. "मीच ओतते."

"तू कायले? तू का सून हायेस या घरची?" आई पोळ्या लाटत होती. "अर्धी कळशी ओतते म्हणा तिले. तेवढ्यानं काई होत नाई."

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"डाक्तरीण येते का आपल्या घरी राहाले?"

आबा ओसरीत सुपारी कातरत होते. मी त्यांच्याकडे वळले. "आबा, तो पाइप गंजलाय. आतून चोंदला असेल, म्हणून गच्चीवरच्या टाकीचं पाणी येत नाही. तो काढून नवीन पाइप लावला की टाकी आपोआप भरेल. कुणाला कळशी ओतावी लागणार नाही, फरशीही ओली होणार नाही."

"तो पाइप काढाचा नसते," आबा म्हणाले.

"का?"

"नसते म्हंजे नसते. तुया बापानं नाई इचारलं, तू इचारून राह्यली."

बाबा मी शाळेत असताना गेले. घरात माझं तोंड बंद करायचं झालं की त्यांचं नाव काढतात. पण आता मी बावीस वर्षांची आहे आणि ते हत्यार बोथट झालंय. माझ्या घरच्या मोठ्या माणसांना एकही कारण सांगता येत नाही, आणि कारण नाही म्हणूनच ते नियम सोडत नाहीत. दोन्ही एकाच वेळी कसं जमतं त्यांना, देव जाणे.

मी मनाशी रविवार पक्का केला. रविवारी जऊळक्याला आईच्या मावसभावाच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. दादा आई-आबांना गाडीनं नेणार होता. दिवसभर घरात मी आणि वहिनीच.

४

शनिवारी मी रिसोडला सैफुद्दीनचाचांच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले.

"कनेक्शन पाइप दाखवा चाचा. वळणारा. फ्लशच्या टाकीचा."

"कितना लंबा?"

मी हातांनी दाखवलं. ते हसले. "हात घरून मोजून आनला काय बेटा? रस्त्यात कमी-जास्त झाला तं?" त्यांनी जाळीची वीण असलेला एक पाइप माझ्यासमोर टाकला. "हा घे. लोखंडाचा पाइप अकडू असते, जरा वाकडं लागलं की गळते. हा जिधर मोडशील उधर मुडते. भिंत हलली, टाकी हलली, तरी हा सांभाळून घेते."

"भिंत कशाला हलेल?"

"बोलने की बात है. कॉक हाये का भिंतीकडे?"

"नाही. सरळ भिंतीतूनच पाइप येतो."

"मग कॉक बी घे. पानी बंद कराची सोय पायजेच. कोनता मिस्त्री होता तुमचा, कॉक नाई बसवला त्यानं?"

मी कॉक घेतला, टेफ्लॉन टेप घेतली. पाना घरी होता. येताना बसमध्ये तो पाइप मांडीवर ठेवून मी वाकवून पाहत होते. हलका, चकचकीत. मला फार बरं वाटत होतं. एवढीशी वस्तू, आणि घरातला एक मूर्खपणा संपणार.

५

रविवारी गाडी गेली आणि मी ओढणी कमरेला खोचली. वहिनी संडासाच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसली, मांडीवर कापलेल्या आंब्याची ताटली.

"करंट तं नाई लागत ना त्यात?"

"पाण्याचा पाइप आहे वहिनी."

"तुया भावानं मागं पंखा दुरुस्त केला होता, तवापासून इचारतो मी."

वरच्या टाकीचा वॉल्व मी गच्चीवर जाऊन बंद केला. खाली येऊन पाइपाला पाना लावला. पहिला आटा हलेना. दोन्ही पाय भिंतीला टेकवून जोर दिला तेव्हा तो किर्र करून फिरला. पाणी सांडेल म्हणून खाली घमेलं ठेवलं होतं. सकाळीच वहिनीनं, माझं न ऐकता, अर्धी कळशी ओतली होती.

एक थेंब पडला नाही.

मी पाइप काढून उजेडात धरला. आत गंज नव्हता. चोंदलेलं काही नव्हतं. बाहेरून तांबारलेला तो पाइप आतून चाटून पुसल्यासारखा लख्ख होता, आणि खडखडीत कोरडा.

"निंगाला?" वहिनीनं विचारलं.

"निघाला."

भिंतीत आता नुसतं तोंड उरलं होतं. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायला मी तिचं टोक तिथं नेलं, तर ते टोक हातातून सुटून आत गेलं. आपोआप. टेप हलकेच ताणली गेली. मी ओढली, ती परत आली. पुन्हा जवळ नेली, पुन्हा आत.

मी फिजिक्स शिकलेली मुलगी आहे. वर वॉल्व बंद, मधल्या नळीतलं पाणी उतरत असेल, म्हणून हवा आत ओढली जात असेल. मी हे मोठ्यानं बोलले. बोलल्यावर आठवलं की पाणी उतरलं तर ते इथूनच बाहेर पडायला हवं.

"काय पुटपुटून राह्यली वं?"

"काही नाही. आंबा ठेव माझ्यासाठी."

मी टेप गुंडाळली, कॉक बसवला, नवीन पाइप एका टोकाला कॉकला आणि दुसऱ्या टोकाला टाकीला आवळला. छान कमान करून तो भिंत आणि टाकीच्या मध्ये बसला. मागे सरून मी पाहिलं. खरंच सुंदर दिसत होता. वहिनीनं माझ्या तोंडात आंब्याची फोड घातली आणि म्हणाली, "आता मिस्त्रीनबाईची मजुरी किती?"

६

गच्चीवरचा वॉल्व उघडला, कॉक उघडला. टाकीत काहीच आलं नाही.

इथून पाणी कधी येतच नव्हतं, असं तेव्हाच मनात आलं आणि मी ते बाजूला सारलं. म्हटलं, निदान सांधे तरी तपासू. मी कळशी भरून आणली आणि टाकीत ओतली. आयुष्यात पहिल्यांदा.

सांधे कोरडे राहिले. माझं काम चोख झालं होतं.

मग पाइप हलला.

आधी वाटलं, नवीन आहे, पाण्याच्या भारानं बसतोय. पण टाकीच्या टोकाला तो जरासा फुगला, आणि तो फुगवटा कमानीतून सरकत सरकत भिंतीकडे गेला. थोडा वेळ काही नाही. मग दुसरा. मग तिसरा. आवाज अगदी बारीक होता. तान्ह्या बाळाला पाजताना जवळ बसलं की ऐकू येतो तसा.

टाकीतलं पाणी त्या नळीतून उलटं जाऊच शकत नाही. बॉलकॉकची, म्हणजे टाकीत पाणी सोडणाऱ्या झडपेची, नळी आत वरपर्यंत चढलेली असते, पाणी तिच्या तोंडापर्यंत पोचत नाही. मी झाकण उचलून पाहिलं. नळी तशीच होती. आणि पाणी खाली खाली जात होतं.

तो लोखंडी पाइप जन्मात हलला नसता. तो कडक होता, म्हणून इतकी वर्षं कुणाला दिसलं नाही.

मी पाइप मुठीत धरला. का धरला, सांगता येत नाही. माझ्या मुठीतून एक घोट गेला. त्याच क्षणी माझी जीभ टाळूला चिकटली. आत्ताच आंबा खाल्लेल्या माझ्या तोंडात थेंबभर लाळ नव्हती. ओठ ताणले गेले आणि मधोमध फुटले, मला रक्ताची चव आली.

टाकी रिकामी झाली. पाइप चपटा पडला. आणि मग ती चकचकीत कमान वळली. टाकीकडून नाही, भिंतीकडून. हळूच माझ्या मनगटाकडे वाकली, आणि तिथून पुढे, दाराकडे, जिथं वहिनी पोटावर हात ठेवून बसली होती.

मी कॉक बंद केला. आवळून, दुखेपर्यंत बंद केला.

पाइप जागेवर गेला. साधा पाइप. भिंतीच्या आत कुठंतरी जीभ टाळूवरून सुटल्यासारखा एक 'टच्' आवाज झाला.

"झालं का?" वहिनी म्हणाली. "तुया ओठाले काय झालं?"

"पाना लागला."

त्या दुपारी जेवताना वहिनी अर्धा पेला पाणी प्यायली आणि उरलेलं तिनं तसंच ठेवलं. मी त्या पेल्याकडे पाहत राहिले. वहिनीनंही पाहिलं.

"नको वाटून राह्यलं," ती नवल वाटून म्हणाली.

७

संध्याकाळी आई आली, साक्षगंधाची साडीही न बदलता मागे गेली. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. ती दारात उभी राहून नवीन पाइपाकडे बघत होती.

"बंद केला?"

"केला."

तिनं आबांना जाऊन सांगितलं. आबांनी सुपारी खाली ठेवली, बस.

मग आमचे फार चांगले दिवस गेले. कॉक बंद, त्यामुळे टाकी भरली की भरलेलीच राहायची. दादानं बादलीनं भरली आणि वहिनीनं बटण दाबलं. पाणी धाडकन आलं तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या. फरशी कोरडी. तिचे ओठ भरून आले. रात्री ती गाढ झोपायची, बाटली उशाला तशीच भरलेली. एकदा तर माझा हात स्वतःच्या गालाला लावून म्हणाली, "पाय बरं, मले घाम येते आता!" घाम येतो म्हणून इतकं खूश झालेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

ठरल्याप्रमाणे आम्ही रिसोडला गेलो. डॉक्टरीणबाईंनी यंत्र पोटावर फिरवलं, थांबल्या, पुन्हा फिरवलं. "छान वाढलंय की पाणी. काय केलं?"

"ननदेनं पाइप बदलला," वहिनी म्हणाली. बाई हसल्या. आम्हीही खूप हसलो.

पण घरी परत आले तेव्हा मागच्या भिंतीलगतच्या अळूनं माना टाकल्या होत्या. सांडपाण्यावर वाढलेला अळू, भर उन्हाळ्यात कधी कोमेजत नाही. खालची माती भेगाळली होती. ऊन आहे, मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी भेग अळूपासून निघून मोरीपर्यंत आली होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातला माठ, जो आईनं निजताना काठोकाठ भरला होता, सकाळी तळाला गेलेला होता. माठ पाझरतोच. पण खालची तिवई कोरडी होती.

आबा माठाकडे बघून आईला हळू म्हणाले, "हुडकून राह्यलं."

मला ऐकू आलं. स्वयंपाकघराच्या पलीकडची खोली वहिनीची. मी दुसरं काही न विचारता तिची पिशवी भरली आणि तिला घेऊन मंगरूळपीरच्या बसमध्ये बसले. दादा म्हणाला, "एवढी घाई?" मी म्हणाले, "बाळंतपणाला माहेरी जायचंच होतं, चार दिवस आधी गेली." तिच्या आईच्या अंगणात तिला बसवलं. तिनं एक पेला पाणी मागितलं, अर्धा प्यायली, आणि अर्धा तुळशीला घातला. मी निश्चिंत होऊन परतले.

८

घरी आले तर आई आणि आबा दोघंही स्वयंपाकघरात बसले होते. आबा कधी स्वयंपाकघरात बसत नाहीत. मधे पाण्यानं भरलेली तांब्याची कळशी.

"बस," आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "सुनबाईले घेऊन ये परत."

"नाही."

"मंग कॉक उघड अन् तू ओत. सून नाई, पन पाना तुया हातचा लागला. तुया हातचं घेईन ते."

"काय घेईल? कोण घेईल, आबा?"

"आमाले काय मालूम!" आबा चिडून म्हणाले, आणि मला कळलं की ते खरं बोलत होते. "माया मायनं ओतलं, तिच्या सासूनं ओतलं. घर उभं हाये ना? एका कळशीनं काय होते?"

"एका कळशीनं?" मी म्हणाले. "कळशी कुठं पुरते त्याला?"

आबांनी आईकडे पाहिलं. आई कळशीच्या काठावरून बोट फिरवत होती.

"तू शिकलेली हायेस," ती म्हणाली. "तुले सगळं उलगडून पायजे. आमी उलगडत बसलो असतो तं जगलो नसतो, वैभवी. देऊन टाकाचं अन् पुढं जाचं. नाई देलं तं ते घरभर हुडकते. आज माठ, उद्या कोन?"

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. आई कधी मला म्हातारी वाटली नव्हती. मी तिच्या समोर खाली बसले.

"आई, दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा आहे."

"मंग?"

"मधल्या वर्षांत तूच कळशी ओतत होतीस."

तिचं बोट थांबलं.

"मधे तुझ्या पोटात कोण कोण होतं, आई?"

भिंतीच्या आत कुठंतरी बारीक सरकल्यासारखं झालं आणि थांबलं, जणू तिथंही कुणी उत्तराची वाट पाहत होतं. मी कळशी उचलली. आबा अर्धवट उठले. मी ती संडासाकडे नेली नाही. मागचं दार उघडून सगळं पाणी उन्हात, रस्त्याच्या धुळीत ओतलं, आणि रिकामी कळशी आणून दोघांच्या मधे ठेवली.

"मी ओतणार नाही," मी म्हणाले. "वहिनी ओतणार नाही. तिला मुलगी झाली तर तीही नाही, आणि दादाच्या मुलाची बायकोही नाही. उद्या मी कुदळ आणते आणि ती भिंत खोदते. ज्याला तहान लागलीय त्यानं बाहेर येऊन मागावं."

 आई माझ्याकडे बघत होती. मग तिनं हात पुढं केला आणि रिकामी कळशी उपडी ठेवली.